लाकडाचे डाग काढताना ब्लीच जपून हाताळा

(महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



पाऊस सरला, दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांतले लाकडी सामान अंगणात निघते. पाट, चौरंग, देव्हारा, जुनी पेटी, झोपाळ्याची फळी. आपल्या घिवली, तारापूर, चिंचणीच्या किनाऱ्यावर खारा वारा बारा महिने. खिळा गंजतो, बिजागरी गंजते आणि त्यांच्याभोवतीचे लाकूड काळे पडते. पावसाळ्यातली बुरशी वेगळीच. पूर्वी असे सामान पुसून, तेलाचा हात फिरवून परत आत ठेवायचो. आता गटाच्या बैठकीत दुसरा विषय निघतो. जुने सागवानी सामान घ्यावे, घासावे, पॉलिश करावे आणि विकावे. विचार चांगला आहे. जुन्या सागाला मागणी असते आणि हे काम घरच्या अंगणात होते.

पण पॉलिशच्या आधी डाग काढावे लागतात, आणि तिथे कोणीतरी सहज सांगते, "ब्लीच लाव, लख्ख होईल." आजचे बोलणे या एका वाक्यावर आहे. कारण ब्लीच हा शब्द एक असला तरी त्या नावाखाली तीन वेगळी रसायने येतात. तिन्हींचे काम वेगळे, तिन्हींचा धोका वेगळा, आणि ती एकमेकांत मिसळली तर धोका कितीतरी पटींनी वाढतो.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरातली माणसे तारापूर एमआयडीसीत कामाला जातात. तिथे रसायनाच्या पिंपाजवळ जायचे तर हातमोजे लागतात, डोळ्यांवर गॉगल लागतो, डोळे धुवायचा नळ जवळ असावा लागतो, पिंपावर नाव असावे लागते. त्याच जातीचे रसायन घरी आले की मात्र आपण ते चहाच्या चमच्याने मोजतो, उघड्या हाताने कालवतो आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतो. घरात आले म्हणून रसायन मवाळ होत नाही. कारखान्यात जी काळजी घेतात, तीच अंगणात साध्या रीतीने कशी घ्यायची, ते आज पाहू.

आधी डाग ओळखा

बरेचदा डाग कशाचा हे न पाहताच रसायन लावले जाते. मग डाग निघत नाही, म्हणून आणखी कडक रसायन आणले जाते, आणि अपघात तिथे होतो. म्हणून पहिली पायरी डाग ओळखण्याची.

खिळा, बिजागरी, कडी किंवा लोखंडी पट्टी यांच्याभोवती निळसर काळा डाग असेल तर तो लोखंडाचा. साग, ऐन, बाभूळ अशा लाकडांत तुरट द्रव्य असते. ओल आली की त्या तुरट द्रव्याचा आणि गंजाचा संयोग होऊन काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, त्यातली युक्ती हीच. म्हणजे तुमच्या चौकटीवर खिळ्याभोवती जे दिसते, ती लाकडाने आपोआप केलेली शाई आहे. पाण्याचा लोखंडी हंडा किंवा ओला लोखंडी तवा लाकडावर ठेवला तर उमटणारी काळी वर्तुळेही याच प्रकारची.

काळे किंवा हिरवट ठिपके, हात लावला तर बुळबुळीत, वास कुबट, असे असेल तर ती बुरशी. ती वरवर असते आणि बहुतेक वेळा रसायनाशिवाय जाते.

स्वयंपाकघरातल्या फळीवर किंवा देव्हाऱ्यावर तेलकट, चिकट काळपट थर असतो. तो धुराचा, तेलाचा आणि उदबत्तीचा. त्याला ब्लीच लागत नाही. कोमट पाणी, साबण आणि काथ्याची घासणी पुरते.

आणि चौथा प्रकार, लाकूड मुळातच गडद असते. त्याला डाग म्हणत नाहीत. एकदोन फळ्या गडद आणि बाकी फिकट असतील तर सारखा रंग आणण्यासाठी काही कारागीर लाकूड पांढरे करतात. ते काम सर्वांत धोक्याचे आहे. त्याविषयी पुढे सांगते.

तीन ब्लीच, तीन स्वभाव

पहिले क्लोरीनचे ब्लीच. बाजारात कपड्यांसाठी आणि फरशीसाठी बाटलीत मिळते ते पातळ ब्लीच, आणि ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, दोन्ही याच कुळातली. वास आपल्या ओळखीचा, टीसीएल टाकलेल्या दिवशी पाण्याला येतो तो. हे ब्लीच बुरशी मारते आणि लाकडावर सांडलेला कपड्याचा किंवा शाईचा रंग उडवते. लोखंडाच्या काळ्या डागावर याचा उपयोग नाही. गटाने टीसीएल पावडर या कामाला वापरू नये. ती विहिरीसाठी असते, पातळ ब्लीचपेक्षा कितीतरी तीव्र असते, आणि तेल, तूप, टर्पेंटाइन यांच्याशी तिचा संबंध आला तर ती पेट घेऊ शकते. पॉलिशच्या कामात तेल आणि टर्पेंटाइन जवळपास असतेच.

दुसरे ऑक्झॅलिक ॲसिड. पांढरे खडे किंवा पावडर, दिसायला थेट साखरेसारखी किंवा मिठासारखी. लोखंडाचा काळा डाग काढायला हेच योग्य. ते गंजाशी बांधले जाते आणि पाण्याबरोबर निघून जाते. अळूचे फदफदे करताना आपण चिंच घालतो, कारण अळूने घसा खाजतो. ती खाज ऑक्झॅलिक ॲसिडापासून झालेल्या कॅल्शियमच्या बारीक सुयांची असते. अळूत ते थोडे आणि बांधलेले असते. पुडीत ते मोकळे आणि भरपूर असते. पोटात गेले तर ते रक्तातल्या कॅल्शियमला पकडते, मूत्रपिंड निकामी करू शकते, हृदयावर परिणाम करू शकते. मोठ्या माणसाच्या जिवावर बेतायला चहाचे दोन-तीन चमचे पुरतात, लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी. म्हणून साखरेसारखे दिसणे हाच याचा सर्वांत मोठा धोका.

तिसरे हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्यूटी पार्लरमध्ये फेस ब्लीच करताना चेहरा चुरचुरतो, ते याच्यामुळे. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळते ते सौम्य, साधारण ३ ते ६ टक्क्यांचे. लाकूड पांढरे करायला मात्र ३० टक्के किंवा त्याहून तीव्र वापरतात, आणि त्याच्या जोडीला कॉस्टिक सोडा. तीव्र पेरॉक्साइड कातडीला लागले तर कातडी पांढरी पडून आग होते, डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते. लाकडाचा भुसा, चिंध्या, कागद यांत ते मुरले तर आग लागू शकते. घट्ट बंद डब्यात त्यात कचरा किंवा गंज पडला तर वायू साठून डबा फुटू शकतो. आणि कॉस्टिक सोडा कातडीला आधी नुसता साबणासारखा बुळबुळीत लागतो, दुखते ते मागाहून. तोवर तो खोल गेलेला असतो.

म्हणून या तिसऱ्या प्रकाराविषयी माझे स्पष्ट सांगणे आहे. लाकूड पांढरे करण्याचे काम गटाने घरी करू नये. गिऱ्हाईकाने मागितले तरी नाही म्हणा. गडद सागाला गडदच पॉलिश शोभते.

एकत्र कधीही नाही

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याला वाटते, एक औषध लावून डाग अर्धा निघाला, तर दोन मिळून पूर्ण निघेल. मसाल्यात हे चालते. इथे नाही.

क्लोरीनच्या ब्लीचमध्ये कोणतेही ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. ॲसिड म्हणजे संडास धुण्याचे लाल-निळे क्लीनर, फरशीचे ॲसिड, ऑक्झॅलिक ॲसिड, व्हिनेगर, अगदी लिंबाचा रससुद्धा. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने समोरच्या सैनिकांवर जो विषारी वायू सोडला, तो हाच क्लोरीन. बादलीत त्याचे प्रमाण कमी असते हे खरे, पण आपली मोरीही लहान असते, आणि आपण बादलीवर वाकलेल्या असतो.

क्लोरीन हवेपेक्षा जड. तो वर निघून जात नाही, खाली साठतो. मोरीत, जिन्याखाली, बंद पडवीत तो जमिनीलगत राहतो. उकिडवे बसून काम करणारी बाई आणि जमिनीवर रांगणारे मूल, दोघांच्या नाकाशी तो आधी येतो. डोळे झोंबतात, घसा आवळतो, खोकला थांबत नाही, छाती भरून येते. पदर किंवा ओढणी नाकाला लावून तो अडत नाही. धुळीचा मास्कही तो अडवत नाही.

ब्लीचमध्ये अमोनिया गेला तर दुसरा विषारी वायू होतो. काचा पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. जनावरांच्या किंवा लेकरांच्या मुताचा जो उग्र वास येतो, तोही अमोनियाचाच. म्हणून गोठ्यातली फळी किंवा मुलाने ओली केलेली बाज ब्लीचने धुण्याआधी साध्या पाण्याने भरपूर धुवावी.

मिसळणे नेहमी मुद्दाम होत नाही. सकाळी बुरशीसाठी फळीला ब्लीच लावले, दुपारी त्याच फळीच्या काळ्या डागावर ऑक्झॅलिक ॲसिड लावले, तर फळीवरच वायू सुटतो. तोच ब्रश, तीच बादली, तेच फडके दोन्ही कामांना वापरले तरी तेच. म्हणून नियम लक्षात ठेवा. एका वस्तूवर एका दिवशी एकच रसायन. दुसरे लावायचे झाले तर आधी वस्तू भरपूर पाण्याने धुवा, उन्हात दोन दिवस पूर्ण वाळू द्या. प्रत्येक रसायनाची बादली आणि ब्रश वेगळा, आणि त्यावर रंगाने खूण.

आधी सौम्य उपाय

रसायनाची पुडी फोडण्याआधी सौम्य उपाय करून पाहा. बुरशी लागलेली वस्तू साबणाच्या पाण्याने घासून तीन-चार दिवस कडक उन्हात ठेवा. घासताना बुरशीची धूळ उडते, म्हणून आधी ओली करा. बहुतेक बुरशी एवढ्यावर जाते. उरलीच तर पातळ ब्लीचचा एक भाग दहा भाग पाण्यात घालून मोकळ्या जागी लावा, दहा मिनिटांनी धुऊन टाका.

लोखंडाचा डाग फिका असेल तर लिंबाची फोड आणि मीठ चोळून अर्धा तास उन्हात ठेवा आणि धुवा. ब्लीच लावलेल्या वस्तूवर मात्र लिंबू नको, हे आता तुमच्या ध्यानात आलेच असेल.

पोळपाट, लाटणे, काठवट, रवी, मासे कापायची फळी, म्हणजे अन्नाला लागणारी कोणतीही लाकडी वस्तू, यांना लिंबू, मीठ, साबण आणि ऊन एवढेच. लाकूड रसायन शोषून घेते. ऑक्झॅलिक ॲसिड त्यांच्याजवळही नेऊ नका.

ऑक्झॅलिक ॲसिडने काम करायचेच असेल तर

जागा अंगणातली किंवा परसातली, मोकळी. विहिरीपासून, पिण्याच्या पाण्यापासून, जनावरांच्या चाऱ्यापासून दूर. बोंबील किंवा इतर मासे वाळत घातले असतील तर त्यांच्यापासूनही दूर. वारा पाठीमागून येईल असे बसा. मुले आणि कोंबड्या त्या वेळी दुसरीकडे. गरोदर बाईने आणि दम्याचा त्रास असलेल्या बाईने हे काम करू नये. एकटीने करू नये, दोघी असाव्यात. मदतीला कोणीतरी असणे हीसुद्धा सुरक्षाच.

हाताला लांब रबरी हातमोजे. कापडी मोजे चालत नाहीत, ते भिजून रसायन कातडीला धरून ठेवतात. काचेच्या बांगड्यांनी मोजा फाटतो, म्हणून बांगड्या वर सारा किंवा काढून ठेवा. मोजा घालण्याआधी त्यात फुंकर मारून भोक आहे का पाहा. डोळ्यांवर चारी बाजूंनी झाकणारा गॉगल हवा. नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने शिंतोडा जातो. असा गॉगल औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतो. गटाने दोन घेतले तर वर्षानुवर्षे पुरतात. पदर खोचा, मंगळसूत्र आत घाला, केस बांधा, पायात बंद चप्पल किंवा बूट. जवळ दोन बादल्या स्वच्छ पाणी आधीच भरून ठेवा. काम सुरू झाल्यावर पाणी आणायला धावायचे नाही.

भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे नको, कारण ॲसिड त्यालाच खाते. स्वयंपाकाचे तर कोणतेच नको, आणि नंतर धुऊन वापरेन असेही नको. चमचाही वेगळा, प्लास्टिकचा, कायमचा त्याच कामाचा.

आधी खिळा किंवा गंजकी बिजागरी काढा. ती तशीच ठेवली तर महिन्याभरात डाग परत येतो आणि मेहनत वाया जाते. परत बसवताना पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा खिळा घ्या. मग जुने पॉलिश आणि तेलकटपणा काढून लाकूड स्वच्छ करा, नाहीतर ॲसिड आत जातच नाही. वस्तूवर फार जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम २०१६ साली आला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग ओला करून खरवडा, खपल्या गोळा करून कागदात गुंडाळून टाका.

आता मिश्रण. एक लिटर गरम पाणी घ्या, उकळते नको, हाताला चटका बसणार नाही इतके. चूल बंद करूनच पाणी अंगणात आणा. भांड्यात आधी पाणी, मग त्यात सावकाश ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड. पुडी झटकू नका, पावडर उडाली तर नाकात आणि घशात जळजळ होते. मिश्रण परत चुलीवर ठेवू नका, त्याची वाफ घेऊ नका.

वस्तूच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी आधी लावून पाहा. ठीक वाटले तर ब्रशने डागावर लावा, आणि शक्यतो पूर्ण फळीवर, म्हणजे ठिगळ दिसत नाही. दहा ते वीस मिनिटे ओले राहू द्या. लोखंडाचा डाग तुमच्या डोळ्यांसमोर फिका होतो. उरला तर एकदा पुन्हा लावा. रात्रभर ठेवून देऊ नका.

मग धुणे. भरपूर साध्या पाण्याने दोनदा. त्यानंतर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून ते पाणी फिरवा. थोडा फेस येईल, म्हणजे उरलेले ॲसिड निवते आहे. शेवटी परत साधे पाणी. धुण्यात कंटाळा केला तर ॲसिड वाळून लाकडाच्या रेषांत पांढरे कण राहतात. मग पॉलिश पेपर मारताना ते कण धुळीबरोबर नाकात जातात. वस्तू दोन-तीन दिवस वाळवा आणि त्यानंतरच घासा.

घासताना चांगला धुळीचा मास्क लावा. नुसती लाकडाची धूळही साधी नसते. वर्षानुवर्षे ती श्वासातून गेली तर नाकाचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली तिची नोंद कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली.

उरलेले मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका. त्यात खाण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस यायचा थांबला की भरपूर पाण्यात मिसळून विहीर, ओढा आणि खाडीपासून दूर मातीत ओता.

बाटली, पुडी आणि नाव

काम एका दिवसाचे, पण पुडी घरात वर्षभर राहते. मोठा अपघात बहुधा तेव्हाच होतो.

पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कोणतेही रसायन कधीही भरायचे नाही. तहानलेले मूल आधी बाटली ओळखते, वास नंतर घेते. रात्री दिवे गेले असता मोठी माणसेही फसतात. ऑक्झॅलिक ॲसिडची पुडी साखर, मीठ, रांगोळी, खाण्याचा सोडा यांच्या फळीवर नको. जाड डब्यात, घट्ट झाकणाने, वर मोठ्या अक्षरांत "विष, लाकडासाठी" असे लिहून, कुलपात ठेवा. वाचता न येणाऱ्यांसाठी लाल रंगाची फुली मारा आणि तिचा अर्थ घरातल्या सगळ्यांना सांगा. ब्लीच आणि ॲसिड एका कपाटात शेजारी ठेवू नका.

दुसरे, भंगारवाल्याकडून किंवा ओळखीने आलेले कारखान्याचे कॅन. आपल्या भागात ते सहज मिळतात. "आमच्या कंपनीतले आहे, डाग मस्त निघतात," म्हणून कोणी बिननावाचे रसायन दिले तर घेऊ नका. ते काय आहे, किती तीव्र आहे हे कळत नाही, आणि अपघात झाला तर डॉक्टरलाही कळत नाही. रिकाम्या कॅनमध्ये पिण्याचे पाणी तर कधीच भरू नका.

कॅनवर चौकटीत चित्र असेल तर ते वाचायला शिका. हातावर आणि पट्टीवर थेंब पडताना दाखवले असेल तर ते कातडी जाळणारे. कवटी असेल तर विष. वर्तुळावर ज्वाळा असेल तर ते दुसऱ्या वस्तूंची आग भडकवणारे. घरातल्या कोणी कारखान्यात ही चित्रे पाहिली असतील, त्यांना गटाच्या बैठकीला बोलावून अर्धा तास बोलायला सांगा.

ॲसिडच्या विक्रीवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली. दुकानदार ओळखपत्र मागेल, वहीत नोंद करेल. त्यात राग मानू नका. मुलांना ॲसिड आणायला दुकानात पाठवू नका.

अपघात झालाच तर

डोळ्यात गेले तर ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार धरा, पापण्या बोटांनी उघडून, पंधरा ते वीस मिनिटे. घड्याळ लावून. दूध, मध, तूप, तुळशीचा रस काहीही डोळ्यात घालू नका. मग दवाखाना, बरे वाटले तरीही.

अंगावर सांडले तर भिजलेला कपडा लगेच काढा. लाज बाजूला ठेवा, सोबतच्या बाईने आडोसा धरावा. वीस मिनिटे पाणी ओता. ॲसिडवर सोडा किंवा कॉस्टिकवर लिंबू कातडीवर चोळू नका.

पोटात गेले तर उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजू नका. जे जाताना जाळते ते परत येताना पुन्हा जाळते. तोंड धुवा. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर पाण्याचे किंवा दुधाचे दोन-चार घोट द्या. ऑक्झॅलिक ॲसिडवर दूध उपयोगी, कारण ॲसिड दुधातल्या कॅल्शियमला पकडते. पण दूध पाजून घरी थांबायचे नाही. थेट रुग्णालय, आणि पुडी किंवा बाटली बरोबर न्यायची.

वायू नाकात गेला तर सगळे सोडून मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या दिशेच्या विरुद्ध बाजूला जा. बादली उचलायला परत जाऊ नका. माणसाला आडवे न करता बसते करा. थोड्या वेळाने बरे वाटले तरी डॉक्टरला दाखवा, कारण फुप्फुसात पाणी साठून त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

रुग्णवाहिकेसाठी १०८. विषबाधेविषयी सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११६-११७. दोन्ही क्रमांक काम करता त्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

गटाचा ठराव

पुढच्या बैठकीत चार ओळींचा ठराव वहीत लिहा. लाकूड पांढरे करण्याचे काम घेणार नाही. बिननावाचे रसायन आणणार नाही. एका वस्तूवर एका दिवशी एकच रसायन लावू. दोघींशिवाय, गॉगल आणि मोज्यांशिवाय कोणी पुडी फोडणार नाही. गॉगल, मोजे आणि मास्क यांचा खर्च प्रत्येक वस्तूच्या किमतीत धरा. पॉलिशचा खर्च धरतो तसा हाही धरायचा. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले तर लाकूड, पॉलिश, मजुरी यांवर बोला, या खर्चावर नको.

आणि सगळे डाग निघायलाच हवेत असे नाही. पन्नास वर्षांच्या चौरंगावर खिळ्याची एखादी सावली राहिली तर घेणारा त्याला जुनेपणाची खूण मानतो. ती सावली काढण्यासाठी आणखी कडक काही आणावेसे वाटेल, तेव्हा ब्रश खाली ठेवा आणि पॉलिशला लागा.